सरबताची बाटली

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या चिमीला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घराणं ओळखीतलं. बोलणी जरा पुढं सरकली तेव्हा मध्यस्थी करणाऱ्या बाईंनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीच्या घशाचं लहानपणी काहीतरी झालं होतं म्हणे? आईचं लक्ष नव्हतं, असं ऐकलं." बाजूला घेऊन म्हणजे किती, तर आमच्या सोप्याच्या दुसऱ्या टोकाला. चिमीची आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. ट्रे खाली ठेवला, कप मोजल्यासारखं केलं, पुन्हा उचलला आणि बाहेर आली. मी खुर्चीत बसून होतो. मीही ऐकलं, आणि २००६ साली गप्प राहिलो होतो तसाच गप्प राहिलो.

म्हणून हे लिहायला घेतलं. आधी चिमीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा काका. पण माझं खरं नाव घालू नका आणि मला बिचारी करू नका." पहिली अट पाळली आहे. दुसरी पाळायचा प्रयत्न करतो.

आमचं घर वडगावात. वडगाव, खासबाग, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा भाग. आमचे माग केव्हाच मोडीत निघाले, पण धाकट्या भावानं सूत रंगवायचं काम धरून ठेवलं होतं. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवत होतो. ज्यांना व्हॅट रंग म्हणतात ते साध्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यांना कॉस्टिक सोडा आणि हायड्रो लागतो. त्यामुळे धाकट्याच्या कामावर कॉस्टिकचं पोतं कायमचं. पांढरे पापुद्रे, पाहणाऱ्याला खडीसाखरेचा चुरा वाटावा असे. पाण्यात टाकले की बादली आपोआप तापते. निवल्यावर मात्र ते पाणी पाण्यासारखंच दिसतं. रंग नाही, वास नाही. बोटाला लागलं तर बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ कॉस्टिकची नसते, आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगायचो. पोरं हसायची.

दसरा होऊन तीन-चार दिवस झाले होते, दिवाळीची आवराआवर चालली होती. मोरी तुंबायची म्हणून धाकटा दरवर्षी थोडं कॉस्टिकचं पाणी रिकाम्या बाटलीतून घरी आणून द्यायचा. त्या वर्षीची बाटली लिंबू सरबताची होती. मी अर्धी मोरीत ओतली, झाकण नुसतं वर टेकवलं आणि दारात कुणीतरी हाक मारली म्हणून बाटली कठड्यावर ठेवून बाहेर गेलो. किती वेळ गेलो होतो, हे मला कुणी विचारलं नाही. वर्गणी मागायला आलेल्या पोरांशी चार शब्द बोलण्याइतका.

शाळेच्या प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेली बाटली दिसली तर मी शिपायाला रागवायचो. या बाटलीवर तर लेबल होतं. लिंबाचं. तीन वर्षांच्या पोरीला अक्षरं येत नव्हती, चित्र मात्र बरोबर कळलं.

ॲसिड जिभेला लागताच पोळतं, आणि मूल बरेचदा ते थुंकून टाकतं. कॉस्टिक तसं लगेच जाणवत नाही. एक-दोन घोट खाली उतरतात आणि मग कळतं. ओरडणं ऐकून आम्ही आत धावलो तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि लाळेची तार लागली होती. आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, घशात बोट घालून उलटी काढायला लावली. जुन्या माणसांचा तो एकच उपाय. पण मी काय केलं? मी लिंबू पिळून आणलं. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की मीठ आणि पाणी, हे समीकरण मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते, हेही मीच लिहीत होतो. दोन चमचे तिच्या तोंडात गेले. उलटी झाली आणि जे एकदा खाली जाताना पोळलं होतं ते दुसऱ्यांदा वर येताना पोळलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, मास्तर, कॉस्टिकचं काम काही सेकंदांत सुरू होतं, तुमचं लिंबू पोचेपर्यंत ते बरंचसं उरकलेलं असतं. उलटी काढायची नाही, उतारा द्यायचा नाही, तोंड पुसायचं, पोटात काही न घालता बाटलीसकट दवाखाना गाठायचा. एवढंच.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. विषाची केस म्हणून तिथं पोलिसांत वर्दी गेली आणि संध्याकाळी एक हवालदार जबानी घ्यायला आले. भला माणूस होता, घाईत होता. धाकटा औषधं आणायला गेलेला. हवालदारांनी कन्नडमध्ये विचारलं, बाटली कुणी ठेवली होती? चिमीच्या आईला कन्नड बाजारापुरतंच येतं. मी प्रश्न मराठीत सांगितला. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "मीच ठेवली असेल." मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मग मी ते वाक्य कन्नडमध्ये सांगितलं, आणि सांगताना त्यातलं 'असेल' गाळलं. हवालदारांनी लिहिलं. लिहिलेलं मी तिला मराठीत वाचून दाखवलं, तिनं सही केली, वाचून दाखवणारा म्हणून खाली मीही केली.

पुढं काही झालं नाही, अपघात म्हणून कागद बंद झाला. पण तोपर्यंत व्हरांड्यात आमचे चार नातेवाईक जमले होते. त्यांनी ऐकलं ते गावभर झालं, आणि ते वाक्य अजून फिरतं आहे.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन दुर्बीण घातली. या जळिताच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत चंडीगडच्या पीजीआयमधल्या झरगर, कोछर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडली. जगभर अजून तीच वापरतात. नुसती लाली म्हणजे एक. ठिगळाठिगळांच्या जखमा म्हणजे दोन-अ. जखम नळीभर गोल फिरली असेल तर दोन-ब. काळं पडलं असेल तर तीन. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. चिमीची दोन-ब, दोन ठिकाणी. अन्ननळी मुळातच तीन जागी जरा चिमटलेली असते: वर घशाशी, मध्ये महाधमनी आणि श्वासनळीची फांदी तिला टेकते तिथं, आणि खाली पडद्यापाशी. घोट तिथं क्षणभर रेंगाळतो. तिच्या जखमा मधल्या आणि खालच्या जागी होत्या. "बांगडीसारखी गोल जखम वाईट," डॉक्टर म्हणाले. "ती भरताना आवळते."

आवळू नये म्हणून काही देता येणार नाही का, असं धाकट्यानं विचारलं. स्टेरॉइड देऊन पाहिलं आहे, ते म्हणाले. वॉशिंग्टनच्या मुलांच्या इस्पितळात अठरा वर्षं साठ मुलांवर तुलना करून १९९० साली छापलं. दिलेल्या मुलांत आणि न दिलेल्यांत फरक पडला नाही. आता वाट पाहायची.

आणि इथंच या दुखण्याचा कपटीपणा आहे. आठवडा-दीड आठवड्यात चिमी दूध पिऊ लागली. दिवाळीला, एकवीस ऑक्टोबरला, ती घरी होती. तिनं कुंदा मागितला. बेळगावचा कुंदा मऊ, जिभेवर विरघळणारा. तो तिनं बोटानं चाटून खाल्ला आणि आजीनं देवापुढं साखर ठेवली. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की संकट टळलं. डॉक्टरांनी मात्र चौथ्या आठवड्याची तारीख दिली होती. त्या तारखेच्या चार दिवस आधी मऊ भाताचा घास अडकला. मग पेज अडकली. मग लाळसुद्धा.

बेरियम पाजून काढलेला फोटो मी अजून ठेवला आहे. वर फुगलेली पांढरी नळी, मग एकदम दोऱ्यासारखी रेघ, पुन्हा जरा रुंद, पुन्हा रेघ.

उपचार म्हणजे ती रेघ रुंद करत जाणं. त्यासाठी ज्या निमुळत्या लवचिक कांड्या असतात त्यांना डॉक्टरलोक बुजी म्हणतात. फ्रेंच भाषेत बुजी म्हणजे मेणबत्ती. अल्जीरियातल्या ज्या बंदरातून युरोपात मेण यायचं त्या गावाचं ते नाव. पूर्वी खरोखरच मेणाच्या कांड्या वापरायचे. आता त्या प्लॅस्टिकच्या असतात, मधून पोकळ. आधी बारीक तार अरुंद जागेतून पोटापर्यंत सरकवायची, मग तारेवरून कांडी. चिमीची सुरुवात ५ मिलिमीटरनं झाली. मग ६, मग ७. अडथळा लागायला लागल्यावर एका बैठकीत तीन मापांच्या वर जायचं नाही, असा नियम आहे. जास्त घाई केली तर नळी फाटते, छातीत पू होतो, मूल हातचं जातं.

दर पंधरा दिवसांनी भूल. आदल्या रात्रीपासून उपाशी. आणि हिशेब असा की आज ९ पर्यंत न्यावं आणि पंधरा दिवसांनी गेलं की ७ वर आलेलं असावं. रंगखान्यात पक्का रंग हवा तर सूत पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं, एका दमात होत नाही, असं धाकटा म्हणायचा. पण सूत मागं फिरत नाही. इथं प्रत्येक वेळी दोन पावलं मागं.

तिथं एक हुबळीकडची नर्सबाई होती. कांडी घातलेल्या दिवशी संध्याकाळी वाटीतून पाणी पाजताना म्हणायची, "स्वल्प स्वल्प नुंगव्वा." थोडं थोडं गिळ, बाळे. चिमीच्या आईला 'स्वल्प' कळलं, 'नुंग' तिनं शिकून घेतलं. चिमीला आजही घास लागल्यासारखा वाटला की तिची आई मराठीत काही म्हणत नाही, "नुंगव्वा" म्हणते.

फेब्रुवारीपर्यंत वजन इतकं उतरलं की पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागली. त्या वेळी सर्जननी एक जुनी युक्ती केली. नाकातून दोरा आत घातला, तो अन्ननळीतून पोटात आणि पोटाच्या भोकातून बाहेर काढला, आणि दोन्ही टोकं बाहेर एकमेकांना बांधून ठेवली. वाट बुजत आली तरी दोरा आत असतो, त्यामुळे ती हरवत नाही. पुढच्या वेळी दोऱ्याला कांडी बांधायची आणि पोटाकडून वर तोंडाकडं ओढून घ्यायची. खालून वर ओढलेली कांडी वाट चुकत नाही. फिलाडेल्फियाच्या गॅब्रिएल टकर यांनी ही रीत १९२४ साली लिहून ठेवली. धाकट्याला हे समजावताना डॉक्टरांना फार बोलावं लागलं नाही. नवा ताणा जुन्या ताण्याच्या टोकाला जोडून फणीतून ओढून घेणारी आमची जात. आजी तर म्हणाली, दोरा आहे ना, मग पोर सुटेल.

तो दोरा चिमीच्या गालावर चिकटपट्टीनं लावलेला असे. ती सात महिने तशी वावरली. गल्लीतल्या पोरांनी पतंग म्हणून चिडवलं तेव्हा तिनं एकाला चावून काढलं. चावण्यात तिला कधीच अडचण नव्हती.

टकर ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते शेव्हालिए जॅक्सन. त्यांच्याविषयी मी नंतर, निवृत्तीनंतर वाचलं. त्या काळी अमेरिकेतल्या घराघरांत साबण करायला आणि मोऱ्या धुवायला कॉस्टिकचे डबे असत आणि डब्यावर इशाऱ्याचा शब्द नसे. जॅक्सन यांच्याकडं अशी पोरं येत. एका मुलीला आठवडाभर पाण्याचा घोट उतरला नव्हता. त्यांनी नळी घालून आत अडकलेला गोळा काढला आणि ती पाणी प्यायली. असे प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहेत. पण हा माणूस नुसत्या कांड्या घालत बसला नाही. डब्यावर 'विष' छापलंच पाहिजे म्हणून तो वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिला, आणि १९२७ च्या मार्चमध्ये तसा कायदा झाला.

आमच्या गावात पाटीवरच्या अक्षरांसाठी डोकी फुटली आहेत. वरची ओळ कन्नड की मराठी, यावर मीही तरुणपणी घोषणा दिल्या आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण फरशी धुवायचं ॲसिड हातगाडीवरून जुन्या बाटल्यांतून घेताना त्या बाटलीवर कुठल्याच भाषेत काही नाही, याची आठवण आमच्यापैकी कुणाला झाली नव्हती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. वही ठेवा, ओळखपत्र पाहा, अठराच्या आतल्याला देऊ नका. ते चेहऱ्यावर ॲसिड फेकण्याच्या गुन्ह्यांमुळं झालं, आणि योग्यच झालं. घरातल्या मोरीच्या कठड्यावर मात्र कुठलंच न्यायालय येत नाही.

२००७ च्या पावसाळ्यात सर्जननी ऑपरेशनचा विषय काढला. खराब अन्ननळी बाजूला टाकून मोठ्या आतड्याचा तुकडा किंवा जठरच वर छातीत ओढून त्याची नळी करायची. होतं, यशस्वीही होतं. धाकट्यानं फॉर्म घरी आणला. त्या रात्री आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो. मी म्हटलं, "बाटली मी ठेवली होती." तो म्हणाला, "माहीत आहे अण्णा." थोड्या वेळानं म्हणाला, "सरबताच्या बाटलीत मी भरली होती. ती माझ्या कामावरची." मग आम्ही फॉर्मवर बोललो. हवालदारापुढं काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. तेवढं राहिलं ते राहिलंच.

सकाळी सर्जननी आमचा विचार ऐकून घेतला आणि स्वतःच म्हणाले, आणखी सहा महिने पाहू. आपली स्वतःची अन्ननळी जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवावी. दुसरं काहीही तिच्या जागी बसवलं तरी ते तिच्यासारखं घास ढकलत नाही. मला विचाराल तर या डॉक्टरांचं मोठेपण त्यांनी जे केलं त्याच्याइतकंच जे केलं नाही त्यात आहे. त्यांनी आवळलेल्या जागी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. सुरुवातीला पोटातून देऊन उपयोग नसलेलं औषध नेमक्या व्रणात टोचलं की कामाला येतं, हे मला गमतीचं वाटलं. कांड्यांमधलं अंतर पंधरा दिवसांवरून महिन्यावर, मग तीन महिन्यांवर गेलं. दोरा निघाला, पोटाची नळी निघाली. शेवटची, म्हणजे एकतिसावी बैठक २००९ च्या सप्टेंबरात झाली. १२ मिलिमीटर. त्या वर्षी दिवाळीत तिनं चकली खाल्ली, दुधात बुडवून, पण चकली.

आज ती तेविशीत आहे, नोकरी करते, सगळं खाते. मटणाचा घास बारीक चावते, पेरूच्या बियांच्या वाटेला जात नाही, जेवताना पाण्याचा तांब्या जवळ लागतो. २०१२ साली एकदा बोराचा तुकडा अडकला तेव्हा दुर्बिणीनं काढावा लागला. पंगतीत ती सगळ्यांत शेवटी उठते. अशा जळलेल्या नळीत पुढं कित्येक वर्षांनी कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून पंधरा-वीस वर्षांनंतर अधूनमधून दुर्बीण घालून पाहायला सांगितलं आहे. हे ती स्वतः स्थळाकडच्यांना सांगणार आहे. ऐकून जे राहतील ते राहतील, असं तिचं म्हणणं.

मध्यस्थ बाईंकडं मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. बाटली कुणी ठेवली ते सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, इतक्या जुन्या गोष्टी आता कशाला?

हा मजकूर पुरा झाल्यावर मी चिमीच्या आईला वाचून दाखवला. हवालदाराचा भाग वाचताना माझा आवाज लागेना, पण वाचला. ती शेंगा सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "एक दुरुस्ती करा, भावजी. बाटली अर्धी नव्हती, पाऊण होती."

मी विचारलं, तुला काय ठाऊक?

"कठड्यावर दिसली होती मला. हात खरकटे होते. धुऊन उचलू म्हटलं." तिनं सूप झटकलं. "म्हणून तसं बोलले मी त्या हवालदाराला. तुम्हाला वाचवायला नाही."

हे खरं, की मला हलकं वाटावं म्हणून सांगितलं, ते मी तिला विचारलं नाही. एवढं म्हटलं की हे शेवटी घालतो. घाला, म्हणाली, पण आधी चिमीला दाखवा.

चिमीनं वाचलं आहे.